'गँगरीन' : एका वैद्यकीय संज्ञेचा लाक्षणिक प्रवास

प्रास्ताविक

रोगांची नावे वैद्यकाच्या कक्षेत राहत नाहीत. समाज, धर्म आणि राज्य यांच्याविषयी बोलताना भाषा त्यांचा सर्रास वापर करते. 'भ्रष्टाचाराची कीड', 'जातीयतेचा कर्करोग' असे शब्दप्रयोग मराठी वाचकाच्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांतील रूपक आता जाणवतही नाही. सूझन सॉन्टॅग यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'इलनेस ॲज मेटफर' या ग्रंथात क्षय आणि कर्करोग या दोन रोगांभोवती जमलेल्या प्रतिमांची चिकित्सा केली. एखाद्या सामाजिक घटिताला कर्करोग म्हणणे हे हिंसेला दिलेले आवाहन ठरते, हे त्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. 'गँगरीन' हा शब्दही फार पूर्वी लाक्षणिक अर्थाने रूढ झाला, आणि त्यामानाने त्याच्याकडे लक्ष कमी गेले. मृत होऊन सडू लागलेल्या शरीरभागासाठी योजलेली ही ग्रीक संज्ञा धर्मपत्र, नाटक, धार्मिक वादग्रंथ आणि विसाव्या शतकातील वसाहतविरोधी लेखन असा प्रवास करीत आली. या प्रवासात शब्दाच्या अर्थात काय भरले गेले आणि काय गाळले गेले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी भारतीय काव्यशास्त्रातील लक्षणेची संकल्पना उपयुक्त ठरते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. 'गँगरीन'च्या बाबतीत पहिल्या दोन अटी सहज पूर्ण होतात. विचाराला किंवा संस्थेला मांस नसते, तेव्हा मुख्यार्थाचा बाध उघड आहे. पसरणे आणि कुजणे या धर्मांमुळे साधर्म्यही स्पष्ट आहे. खरा प्रश्न तिसऱ्या अटीचा आहे. हा शब्द योजण्याचे प्रयोजन कोणते?

वैद्यकातील मूळ अर्थ

'गांग्राइना' या ग्रीक शब्दाचा संबंध कुरतडणे, खाणे या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. ग्रीक वैद्यकात या शब्दाला नेमका अर्थ होता. गेलेनच्या लेखनात 'गांग्राइना' आणि 'स्फाकेलोस' असा भेद आढळतो. पहिली अवस्था भाग मरू लागल्याची, तर दुसरी तो पूर्णपणे मेल्याची. म्हणजे आरंभी हा शब्द मृत्यूचा नव्हे, तर मृत्यूकडे होणाऱ्या वाटचालीचा वाचक होता. त्यात निकड होती आणि वेळेचा हिशेबही होता.

उपचाराचे वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याच्या 'दे मेदिचिना' या ग्रंथात सापडते. औषधाने गुण न आल्यास अवयव कापावा, निरोगी आणि बिघडलेल्या भागांच्या मधून छेद घ्यावा, आणि रोगट भाग मागे राहण्यापेक्षा निरोगी भागापैकी थोडा गेला तरी चालेल, असे तो सांगतो. ही शस्त्रक्रिया करताना रोगी अनेकदा दगावतो, हेही तो लपवीत नाही. परंतु उपाय हाच एक असल्याने तो सुरक्षित आहे की नाही हा प्रश्न गौण ठरतो, असे त्याचे म्हणणे आहे.

या वर्णनातील तीन गृहीतके ध्यानात ठेवण्याजोगी आहेत : रोग थांबत नाही, दुसरा उपाय नाही, आणि थोडे निरोगी मांस गेले तरी हरकत नाही. शस्त्रवैद्याच्या हाती ही तिन्ही विधाने अनुभवाची होती. हाच शब्द जेव्हा माणसांना लावला जातो, तेव्हा ही तिन्ही विधाने त्याच्याबरोबर येतात, आणि ती सिद्ध करण्याची गरजही उरत नाही.

पत्रातील उपमा

या शब्दाच्या लाक्षणिक प्रयोगांपैकी पुढील काळावर सर्वाधिक ठसा उमटवणारा प्रयोग 'नव्या करारा'तील तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात येतो. परंपरेने हे पत्र पौलाचे मानले जाते. आधुनिक अभ्यासकांपैकी बहुसंख्य त्याच्या कर्तृत्वाविषयी साशंक आहेत. पुनरुत्थान होऊन गेले आहे असे शिकवणाऱ्या हुमनाय आणि फिलेत या दोघांचा तेथे नामनिर्देश असून, अशांचे बोलणे गँगरीनसारखे पसरेल असे म्हटले आहे.

येथे दोन बाबी लक्षणीय आहेत. पहिली अशी की 'पसरणे' या अर्थी मूळ ग्रीकमध्ये 'नोमे' हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ चराई, गुरांचे चरणे. वैद्यकात तो व्रणाच्या फैलावासाठी वापरला जाई. मराठी वाचकाला या दुहेरी अर्थाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. मराठीतही गुरे चरतात आणि जखमही 'चरत' जाते. रोगाला येथे भूक आहे. तो उभ्या शेतात शिरलेल्या गुरासारखा पुढे पुढे सरकतो. दुसरी बाब अशी की गँगरीन म्हटले आहे ते बोलण्याला. ते बोलणाऱ्या माणसांवर पत्रलेखक कठोर टीका करतो, परंतु उपमेय त्यांची शिकवण आहे. उपमा असल्यामुळे उपमेय आणि उपमान वेगळे राहतात, आणि वाचकाला त्या दोहोंतील अंतर दिसत राहते.

लॅटिन भाषांतरात या ठिकाणी 'कान्केर' हा शब्द आला, तर १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याच शब्दापासून आलेला 'कँकर' हा शब्द योजला गेला. १८८१ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत 'गँगरीन' मजकुरात आले. दोन रोगांची नावे अशी शतकानुशतके एकमेकांची जागा घेत राहिली, यावरून लाक्षणिक प्रयोगात रोगाच्या नेमकेपणापेक्षा त्याच्या फैलावालाच महत्त्व होते, हे दिसून येते.

नाटकातील कसोटी

शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस' या नाटकात (रचना सुमारे १६०८, मुद्रण १६२३) या प्रतिमेची जणू उलटतपासणीच होते. पहिल्याच प्रवेशात उपासमारीने बंडाला उठलेल्या नागरिकांना मेनेनिअस हा सरदार पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगतो आणि त्यांच्यापैकी एकाला या समूहाच्या पायाचा अंगठा म्हणून हिणवतो. राज्य हे शरीर आहे, आणि त्यात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, हे सांगण्याचा अधिकार येथे सत्ताधाऱ्यांकडे आहे.

तिसऱ्या अंकात हीच प्रतिमा उलटते. लोकांचे प्रतिनिधी असलेले ट्रिब्यून कोरिओलेनस या सरदारवीरालाच रोग म्हणतात आणि तो कापून टाकण्याची मागणी करतात. मेनेनिअस त्यावर उत्तर देतो की तो रोग नव्हे, रोग झालेला अवयव आहे. कापणे प्राणघातक ठरेल, बरे करणे सोपे आहे. त्याच संवादात गँगरीनचा उल्लेख येतो : पाय एकदा सडला की त्याने पूर्वी केलेली सेवा कोणी जमेस धरीत नाही. पहिल्या मुद्रित प्रतीत हे वाक्य मेनेनिअसच्या तोंडी आहे. काही संपादकांनी ते ट्रिब्यूनला दिले आहे. मेनेनिअस बोलत असेल तर ती कृतघ्नतेची तक्रार ठरते. ट्रिब्यून बोलत असेल तर तो व्यवहारी निर्णय ठरतो. एकच वाक्य दोन्ही पक्षांना शोभावे, यातच या रूपकाचे स्वरूप उघड होते. त्याला स्वतःची बाजू नसते. जो उच्चारील त्याच्या हातचे ते शस्त्र बनते.

मेनेनिअसने केलेला भेद या निबंधाच्या दृष्टीने कळीचा आहे. 'हा रोग आहे' आणि 'याला रोग झाला आहे' ही दोन विधाने दिसायला जवळची असली, तरी एकातून शस्त्र निघते आणि दुसऱ्यातून औषध. नाटकात ट्रिब्यूनांचे म्हणणे मान्य होते आणि कोरिओलेनसला हद्दपार केले जाते. परंतु कापलेला अवयव मरून पडत नाही. तो शत्रूला मिळतो आणि सैन्य घेऊन रोमवर चालून येतो. माणूस हा अवयव नाही, हे सत्य नाटककार युक्तिवादाने सांगत नाही, तर कथानकाने दाखवतो.

ग्रंथाचे नाव : 'गँग्रिना'

१६४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली, बिशपांची सत्ता कोसळली, मुद्रणावरचा जुना अंकुश सैल झाला आणि अनेक धर्मपंथ उघडपणे बोलू लागले. सर्वांसाठी एकच प्रेसबिटेरियन राष्ट्रीय चर्च हवे असे मानणाऱ्या टॉमस एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने १६४६ मध्ये 'गँग्रिना' नावाचा ग्रंथ तीन भागांत प्रसिद्ध केला. पंथीयांची 'चुकीची' मते क्रमांक देऊन मांडणे, आणि ठिकठिकाणांहून आलेली पत्रे व ऐकीव वृत्ते त्यांना जोडणे, ही त्याची पद्धत होती. मतांची यादी पहिल्याच भागात दीडशेच्या पलीकडे गेली होती. मिल्टनचे घटस्फोटविषयक मतही तीत होते, आणि मिल्टननेही एका सुनीतात एडवर्ड्सचा नावानिशी उपहास केला.

धर्मपत्रातील उपमेचे येथे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. ग्रंथनामात 'सारखे' हा शब्द नाही, उपमेयही नाही. आहे ते फक्त उपमान. काव्यशास्त्राच्या भाषेत ही साध्यवसाना लक्षणा होय. उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे. वाचकाने ग्रंथ उघडण्यापूर्वीच निदान झालेले असते, आणि आत उरतो तो केवळ लक्षणांचा तक्ता. क्रमांक घातलेल्या यादीचेही असेच आहे. दीडशे भिन्न मते, त्यांतील कित्येक परस्परविरोधी, एका नावाखाली येताच एकाच रोगाची दीडशे लक्षणे भासू लागतात. 'बोलणे' आणि 'बोलणारा' यांतील जो भेद पत्रात शिल्लक होता, तोही येथे पुसट होतो. कारण एडवर्ड्सची मागणी मतांचे खंडन करून थांबणारी नव्हती, त्या मतांना व पंथांना मुभा देऊ नये अशी होती.

गमतीचा भाग असा की फैलावाची भीती दाखवणारा हा ग्रंथ एका वर्षात स्वतःच तीन भागांपर्यंत फैलावला. ज्यांचा आवाज बंद व्हावा अशी त्याची इच्छा होती, त्यांच्या मतांचा तो आज एक महत्त्वाचा साधनग्रंथ ठरला आहे. क्रिस्तोफर हिल यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्याचा उपयोग केला, आणि ॲन ह्यूज यांनी २००४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

एडवर्ड्सला मिळालेल्या उत्तरांत विल्यम वॉल्विन याचे उत्तर विशेष आहे. पुढे 'लेव्हलर' चळवळीत अग्रभागी असलेल्या या व्यापाऱ्याने १६४६ मध्येच एक रूपककथा प्रसिद्ध केली. तीत एडवर्ड्स हाच रोगी असून, प्रेम, धीर, सत्य अशा नावांचे वैद्य त्याच्या प्रकृतीचा विचार करतात आणि त्याला बरे करतात. वॉल्विनने रूपक नाकारले नाही. त्यातील उपचार बदलला. रोगी बरा होतो आणि माणसांत परत येतो, ही शक्यता 'गँग्रिना' या नावात नव्हतीच. हा वॉल्विन उत्तरायुष्यात खरोखरच वैद्यकी करू लागला.

दिशा बदलते : १९५० ते १९९१

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रेंच भाषेत हा शब्द नैतिक अधःपाताचा वाचक म्हणून पुरता रुळला होता. मम्मटाच्या परिभाषेत सांगायचे तर प्रयोजनवती लक्षणा रूढ लक्षणा झाली होती. अशा घासून गुळगुळीत झालेल्या शब्दाला मार्टिनिक बेटावरील कवी एमे सेझेर याने 'वसाहतवादावरील भाषण' या १९५० च्या निबंधात पुन्हा धार दिली. व्हिएतनाम किंवा मादागास्कर येथे अत्याचार होतो आणि फ्रान्समध्ये तो निमूटपणे मान्य केला जातो, तेव्हा प्रत्येक वेळी गँगरीन रुजते, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे. रोग कोणाला झाला आहे? वसाहतीतील बंडखोराला नव्हे, तर 'सुसंस्कृत' युरोपला. सत्ता ज्या शब्दाने इतरांना खुणावत आली, तो शब्द सेझेर सत्तेच्या शरीरावर ठेवतो. शिवाय युरोपच्या रक्तवाहिन्यांत हळूहळू भिनणाऱ्या विषाची प्रतिमाही तो जोडतो. रोग बाहेरून आला असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

१९५९ च्या जून महिन्यात पॅरिसमधील 'एदिस्याँ द मिन्युई' या प्रकाशनसंस्थेने 'ला गाँग्रेन' हे पुस्तक काढले. डिसेंबर १९५८ मध्ये खुद्द पॅरिसमध्ये फ्रेंच गुप्तचर पोलिसांनी केलेल्या छळाविषयी पाच अल्जीरियन तरुणांनी दिलेली निवेदने त्यात होती. पुस्तक लगोलग जप्त झाले. जर्मन व्यापाच्या काळात गुप्तपणे सुरू झालेल्या या संस्थेने आदल्या वर्षी आंरी आलेग याचे 'ला केस्त्यों' हे छळाविषयीचे पुस्तक काढले होते, आणि तेही जप्त झाले होते.

या शीर्षकाची रचना 'गँग्रिना'सारखीच आहे. येथेही उपमेय गिळलेले आहे. तरीही परिणाम भिन्न आहे. अल्जीरिया हा फ्रान्सचाच अविभाज्य भाग आहे, अशी १९५४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा सरकारची भूमिका होती. अवयवाची ही भाषा राज्यकर्त्यांचीच होती, आणि प्रकाशकांनी ती तिच्या टोकाला नेली. अवयवात सुरू झालेली सड आता राजधानीपर्यंत पोहोचली, एवढेच ते शीर्षक सांगते. त्याने गँगरीन म्हटले ते कोणत्या जमातीला नव्हे, तर एका कृतीला, छळाच्या रीतीला. म्हणून या शब्दातून निघणारी कापून टाकण्याची मागणी येथे माणसांवर येत नाही. तथापि या शीर्षकालाही मर्यादा आहे. सड आली असे म्हणताना शरीर मुळात निरोगी होते असे सूचित होते. सेझेरच्या मांडणीत ही सवलत नव्हती.

१९९१ मध्ये इतिहासकार बेंजामिन स्तोरा यांनी अल्जीरियन युद्धाच्या स्मृतीवरील आपल्या ग्रंथाला 'ला गाँग्रेन ए लुब्ली', म्हणजे 'गँगरीन आणि विस्मरण', असे नाव दिले. १९६२ च्या माफीच्या हुकुमांनंतर दीर्घकाळ या युद्धाला अधिकृत भाषेत 'युद्ध' म्हटले जात नव्हते. ती मान्यता ऑक्टोबर १९९९ च्या कायद्याने मिळाली. १९५७ मध्ये अल्जिअर्स येथे अटकेनंतर नाहीसा झालेला गणितज्ञ मोरीस ओदाँ याच्या मृत्यूला सैन्याची छळव्यवस्था जबाबदार असल्याची कबुली राष्ट्राध्यक्षांनी दिली ती सप्टेंबर २०१८ मध्ये. या पार्श्वभूमीवर स्तोरा यांच्या शीर्षकातील जोडशब्द अर्थपूर्ण ठरतो. जखम झाकली म्हणून सडली. तेव्हा उपाय कापण्याचा नव्हे, उघडून स्वच्छ करण्याचा. सुश्रुताने सांगितलेल्या अष्टविध शस्त्रकर्मांत छेदन आहे तसे भेदनही आहे, आणि व्रणोपचारात शोधन व रोपण आहेत. 'गँगरीन' या शब्दाच्या लाक्षणिक इतिहासात स्तोरा यांच्यापाशी छेदनाची जागा शोधनाने घेतलेली दिसते.

रूपकाने गाळलेले

येथवरच्या प्रवासात एक गोष्ट कोठेही ठळकपणे आली नाही, आणि ती वैद्यकदृष्ट्या पायाभूत आहे. अवयवाला गँगरीन होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्याचा रक्तपुरवठा तुटणे. जंतुसंसर्गाने झपाट्याने पसरणारे ओले गँगरीन आणि वायुजनक जंतूंचे गँगरीन ही रूपे आहेतच. परंतु कोरड्या गँगरीनमध्ये भाग काळवंडतो तो मुख्यतः त्याच्यापर्यंत रक्त पोहोचत नाही म्हणून. विल्यम हार्वीने रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ मध्ये, म्हणजे 'गँग्रिना'च्या अठरा वर्षे आधी, प्रसिद्ध केला होता. तरीही लाक्षणिक भाषेने उचलला तो फैलाव. पुरवठ्याचा प्रश्न तिने घेतलाच नाही.

ही गळती निष्पाप नाही. अवयव सडला, आता तो शरीराला धोका आहे, असे म्हणताना दोष अवयवाकडे जातो. अवयवापर्यंत रक्त का पोहोचले नाही, असे विचारले की प्रश्न हृदयाकडे आणि वाहिन्यांकडे वळतो. 'कोरिओलेनस'मधील पायाचा अंगठा ठरवलेला नागरिक धान्य मागत होता. त्याची तक्रार पुरवठ्याचीच होती. आजचा शस्त्रवैद्य रक्तवाहिनी मोकळी करता येते का हे पाहतो, मेलेला भाग तेवढा काढतो, प्रतिजैविके देतो, आणि अवयव वाचवता आला तर वाचवतो. वैद्यक पुढे गेले. रूपक बहुतांशी सेल्ससच्या करवतीपाशीच थांबले.

मराठीतील स्थिती या दृष्टीने उद्बोधक आहे. परिभाषेतील 'कोथ' हा शब्द ग्रंथांतच राहिला. बोलीत 'गँगरीन' आले ते 'पाय कापावा लागला' या वाक्याला जोडूनच. परंतु समाजजीवनासाठी मराठीने योजलेले खास क्रियापद वेगळे आहे : 'चिघळणे'. वाद चिघळतो, संप चिघळतो, सीमाप्रश्न चिघळतो. या शब्दात फैलाव आहे, वेदना आहे, पण कापण्याची आज्ञा नाही. उलट वेळेवर कोणी लक्ष दिले नाही, हा आरोप त्यात गर्भित आहे. 'प्रश्न चिघळत ठेवला' असे म्हटले की लगेच कर्ता विचारला जातो. 'गँगरीन' अवयवाला दोषी धरते, तर 'चिघळणे' हयगय करणाऱ्याला.

निष्कर्ष

१. 'गँगरीन'च्या लाक्षणिक अर्थाचे प्रयोजन केवळ किळस उत्पन्न करणे हे नाही. निदानाबरोबर छेदनाचा उपचार गृहीत धरायला लावणे, हे त्याचे मुख्य कार्य राहिले आहे.

२. उपमेकडून साध्यवसान रूपकाकडे जाताना उपमेय अदृश्य होते, आणि त्याबरोबर वादाची जागाही आक्रसते.

३. हा शब्द माणसांना लावला आहे की कृतींना, हा त्याच्या नैतिक मूल्यमापनाचा निकष होऊ शकतो. 'गँग्रिना' आणि 'ला गाँग्रेन' यांतील अंतर याच निकषाने मोजता येते.

४. रूढ रूपकाने वैद्यकातून परिणाम उचलला आणि कारण मागे ठेवले. सेझेर आणि स्तोरा यांचे प्रयोग अधिक सखोल वाटतात, कारण त्यांनी कारणाचा प्रश्न पुन्हा उभा केला.

रूपकावाचून समाजाविषयी बोलणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही रास्त नव्हे. परंतु एखाद्या वस्तीला, गटाला वा मताला 'सडलेला भाग' म्हटले जाईल, तेव्हा मेनेनिअसचा भेद आणि हार्वीचा शोध ही दोन्ही स्मरणात असावीत : हा रोग आहे की याला रोग झाला आहे, आणि याच्यापर्यंत रक्त पोहोचत होते काय?